माहेरसर

आमच्या सरांना कुठलाही इंग्रजी शब्द नुसता अर्थ सांगून पुढे नेता येत नसे. फळ्यावर शब्द लिहिला की खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि वर्गाकडे वळून विचारायचे, "आता सांगा, याचं माहेर कुठलं?" कोणालाच ठाऊक नसायचं. मग तेच सांगायचे, हा लॅटिनकडचा, हा फारशीचा, हा आपल्याकडूनच गेलेला आणि तिकडचाच होऊन बसलेला. सांगताना चेहऱ्यावर असा भाव की जणू त्या शब्दाच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून, चहा पिऊन आले आहेत. अंबरनाथच्या त्या मराठी शाळेत आम्ही त्यांना माहेरसर म्हणत असू. त्यांना ते कळलं होतं. रागावले नाहीत. "नाव बरं आहे," एवढंच म्हणाले.

पुढे मी बदलापूरला, बेलवलीत राहायला आले, ती त्यांच्याच इमारतीत. ते दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी. संध्याकाळी परतले की जिन्यात त्यांच्या शिकवणीचा आवाज ऐकू येई, तोच प्रश्न, तीच शांतता. घरात ते आणि मंजिरी, त्यांची मुलगी. मंजिरीची आई ती सहावीत असतानाच गेली होती. सरांनी स्वैपाक शिकून घेतला, वेणी घालायला शिकले, आणि मुलीला इंग्रजी इतकं शिकवलं की पुढे ती त्यांच्याच उच्चारात चुका काढू लागली.

सर कोणाकडून काही घेत नसत. हे त्यांचं दुसरं वैशिष्ट्य, आणि शिकवण्याइतकंच प्रसिद्ध. पालकांनी दिलेला आंब्याचा डबा, शेजारच्यांनी पाठवलेलं पुरण, शाळा सुटताना मुलांनी आणलेलं पेन, सगळं हात जोडून परत. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्यांचे एक जुने सिंधी मित्र होते, कापडाचं आणि शाळेच्या गणवेशाचं दुकान असलेले. सर त्यांना साईं म्हणत, म्हणून आम्हीही साईंच म्हणू लागलो. दर दिवाळीला साईं मिठाईचा डबा पाठवायचे आणि दर दिवाळीला सर तो स्वतः घेऊन कॅम्प दोनला जायचे. डबा गल्ल्यावर ठेवायचे, आणि मग साईंच्या घरून आलेली कोकी ही कांद्याची जाड पोळी, लोणचं, पापड दुकानात मांडी घालून पोटभर खायचे.

"हे चालतं तुला?" साईंनी एकदा माझ्यासमोरच विचारलं होतं. "डबा नाही चालत, पण कोकी चालते?"

"समोर बसून खाल्लं ते जेवण. घरी पाठवलं ती भेट. भेटीला दोरी असते, साईं. दुसरं टोक कोणाच्या हातात आहे ते आधी बघावं लागतं."

"अरे मास्तर, दोरीच नसेल तर पतंग उडेल कशी? भगवान आहेस काय तू?"

सर हसले. पण डबा परत घेतला नाही.

त्यांच्या या वागण्याचा लोकांना धाक वाटे आणि थोडा कंटाळाही येई. कारण ते नुसतं घेत नसत असं नव्हतं. घेणाऱ्याकडे बघण्याची त्यांची एक नजर होती. इमारतीच्या पूजेत कोणी दोनदा प्रसाद घेतला तरी ती नजर पडायची. तोंडाने काही बोलत नसत. नुसते चष्मा पुसायचे.

एकदा शिकवणीत कुठल्याशा उताऱ्यात सँक्टिमोनियस हा शब्द आला. मी त्या दिवशी पुस्तक परत द्यायला वर गेले होते, ती दारातच थांबले. सर रंगात आले होते. "याचं माहेर लॅटिन," ते म्हणाले, "आणि घराणं मोठं. सँक्टस म्हणजे पवित्र. सँक्टिमोनिया म्हणजे पावित्र्य, निर्मळपणा. फ्रेंचांच्या घरावरून हा इंग्रजीत आला, तेव्हा चांगल्या अर्थानेही वापरत. खरोखर पवित्र गोष्टीला म्हणायचे. पुढे तो अर्थ झिजत गेला आणि दुसरा उरला. स्वतःचं पावित्र्य मिरवणारा."

"म्हणजे ढोंगी ना सर?" एका मुलाने विचारलं.

"नाही. तिथेच सगळे चुकतात." सरांनी खडू उचलला आणि परत ठेवला. "ढोंग्याला ठाऊक असतं आपण खोटे आहोत. याला ठाऊक नसतं. याचं सोवळं खरंच असतं. फक्त ते देवासाठी नेसलेलं नसतं, दुसऱ्याला विटाळ ठरवण्यासाठी नेसलेलं असतं."

कोपऱ्यात मंजिरी कांदा चिरत बसली होती. तिने मान वर करून वडिलांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला ते पाहणं तेव्हा लक्षात राहण्यासारखं वाटलं नव्हतं.

मंजिरीचं लग्न ठरलं ते नाशिकच्या घरात. मुलगा चांगला, माणसं साधी. सरांनी पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापून घेतलं की आहेर स्वीकारला जाणार नाही. तसं पुष्कळजण छापतात, आणि येणारेही ते वाचून पाकीट घेऊनच येतात. पण सरांनी हॉलच्या दारात स्वतःच्या अक्षरात फलक लावला आणि त्याच्याखाली स्वतः उभे राहिले. येणाऱ्याचं स्वागत करायचं आणि हातातलं पाकीट त्याच्याच खिशात परत घालायचं. साईंनी रिकामे हात वर करून दाखवले. "तलाशी घे, मास्तर!" सगळे हसले. सकाळ अशी हसतखेळत चालली होती.

तेवढ्यात दत्तूमामा आले. मंजिरीच्या आईचे धाकटे भाऊ. बारवी धरणाच्या अलीकडच्या एका गावात त्यांची भाताची शेती. बहीण गेल्यावरही हा माणूस दर वर्षी जांभळाच्या दिवसांत पानांच्या द्रोणात जांभळं घेऊन भाचीला भेटून जायचा. ती जांभळं तेवढी सर घरात येऊ देत. "मुलीची आहेत, माझी नाहीत," असं म्हणत. त्या दिवशी मामांच्या अंगात नवा सदरा होता. मामी आजारी असल्याने एकटेच आले होते. हातात स्टीलचं ताट, ताटात नारळ, विड्याची पानं, आणि घडी घातलेली पिवळी साडी. गौरीहरापाशी नवरी बसते ती मामाकडची साडी नेसून, ही आमच्याकडची रीत. वरचा रुमाल त्यांनी बोटाने जरा सारला, सगळ्यांना दिसावी म्हणून.

"दत्तू," सर म्हणाले, "बोर्ड वाचला नाहीस का?"

"वाचला ना भावजी. पन त्यो दुसऱ्यांसाठी ना?"

"सगळ्यांसाठी आहे."

"ह्यो आहेर नाय, भावजी. माझ्या बहिनीच्या पोरीची साडी हाय ही."

"नियमाला नातं नसतं. आज तुझं घेतलं, तर सकाळपासून ज्यांना परत पाठवलं त्यांना मी काय तोंड दाखवू?"

सर हे हळू आवाजात, अगदी प्रेमाने म्हणाले. हात जोडलेले होते. मामा ताट घेऊन तसेच उभे राहिले. मागे माणसांची रांग खोळंबली. कोणीतरी म्हणालं, "अहो घ्या हो सर, मामाचा मान आहे." सरांनी चष्मा काढला आणि पुसू लागले. मामांनी रुमाल नीट पसरून साडी झाकली.

"पोरीवर अक्षता टाकतो नि निघतो," ते म्हणाले.

आणि तसंच केलं. मंगलाष्टकं संपली तेव्हा मांडवाच्या अगदी मागच्या खांबापाशी ते दिसले. पंगत बसली तेव्हा नव्हते. भाचीच्या लग्नात मामा उपाशी गेला, ही बातमी वाढप्यांच्याही आधी सगळ्या हॉलमध्ये फिरली.

मंजिरी गौरीहरापाशी कुठल्यातरी आत्याची साडी नेसून बसली होती. मामा उशिरा येतील असं तिला सांगण्यात आलं होतं. खरं काय ते तिला जेवताना कळलं. पाठवणीच्या वेळी मुली रडतात. ही रडली नाही. वाकून वडिलांच्या पाया पडली, सरळ उभी राहिली, आणि स्वच्छ, न अडखळता म्हणाली, "बाबा, यू आर अ सँक्टिमोनियस मॅन."

शेजारच्या काकूंनी मला कोपराने ढोसून विचारलं, "काय म्हणाली गं?"

"आभार मानले," मी म्हणाले.

सर तिच्यामागून गाडीपर्यंत गेले. गाडी वळली तरी हात हलवत राहिले.

त्यानंतर मंजिरी बदलापूरला आली नाही. भांडण असं झालंच नाही. दिवाळीला फोन यायचा, वाढदिवसाला यायचा. पहिलं बाळंतपण तिने सासरीच केलं. "नाशिकला दवाखाने चांगले आहेत," सर मला म्हणाले, मी काही विचारलेलं नसताना. नातू झाल्याचं कळलं तेव्हा ते जाऊन बघून आले. त्यांना तिथे आदराने वागवलं, आदरानेच निरोप दिला. परतल्यावर ते जिन्यात माझ्या दाराशी थांबले आणि म्हणाले, "तिकडे मी पाहुणा होतो." मग वर गेले.

एका दिवाळीच्या फोनवर त्यांनी विचारलं असावं, की इकडे कधी येणार. तिने उत्तर दिलं. ते त्यांनी मला संध्याकाळी जसंच्या तसं सांगितलं. "म्हणते, मामाकडे जा. ती साडी मागा. घेऊन या. मग मी येते." मग म्हणाले, "मागा, म्हणते. मला!"

त्या एका शब्दाभोवती ते दोन पावसाळे फिरत राहिले. माफी मागायला ते कदाचित लवकर गेले असते. माफी मागण्यातही एक मोठेपण असतं, आणि ते त्यांना जमण्यासारखं होतं. पण वस्तू मागायची म्हणजे हात पुढे करायचा, पालथा नव्हे, उताणा. तो हात त्यांना आयुष्यात कधी करता आला नव्हता.

शेवटी भातकापणी झाल्यावर एका सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "येतेस का बरोबर? गुडघे ऐकत नाहीत." आम्ही टमटमने गेलो. मामा खळ्यावर होते. अंगावर भाताचा तूस. आम्हाला बघून त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि खाट पुढे ओढली. सर बसले नाहीत.

"दत्तू, ती साडी मला दे," ते म्हणाले.

"कंची?" मामांनी विचारलं. त्यांना कळलं होतं. तरी विचारलं.

"मंजूसाठी आणली होतीस ती. मी नको म्हटलेली."

 उत्तर दारातून मामींनी दिलं. "ती आमच्या शेवंताच्या लग्नात तिला नेसवली, भावजी. पोरगी सासरी गेली नि साडीबी गेली."

"हां," सर म्हणाले. "बरं झालं. चांगलं झालं."

मग ते खाटेवर बसले. चहा प्याले. कोणी जुनं काही काढलं नाही. पाऊस, भात, शेवंताचं सासर, असं बोलणं झालं. निघताना मामींनी नव्या तांदळाची पिशवी त्यांच्यापुढे धरली. सरांचा हात सवयीने मागे गेलेला मी पाहिला. तो तिथेच थांबला, आणि मग पुढे आला. टमटममध्ये ती पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही. घरापर्यंत मांडीवर घेऊन बसले होते.

वाटेत ते एकदम बोलू लागले. "मंजूने शब्द बरोबर वापरला होता. मी इतकी वर्षं तिची चूक शोधत होतो. मला वाटायचं तिला ढोंगी म्हणायचं असेल, आणि ढोंगी तर मी नाही. पण तिने तो शब्द घेतलाच नाही. नेमका हा घेतला. पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागतील." थोडं अंतर गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "आणि त्याचं माहेर किती चांगलं होतं बघ. पवित्र माणसांचं घर. तिथून निघून माझ्यासारख्यांच्या हाती लागला."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांना कोणी बघायला नको होतं.

त्याच आठवड्यात ते कॅम्प दोनला गेले. हे मला साईंनी नंतर सांगितलं. दुकानात शिरून सर म्हणाले, "पिवळी साडी दाखव. मामा देतात तशी." साईं म्हणाले, "मास्तर, पिवळी मिळेल. मामा देतात तशी कुठल्या दुकानात मिळत नाही." तरी त्यांनी कपाटातली चांगल्यातली चांगली काढून दिली. त्या वर्षी साईंचा मिठाईचा डबा परत गेला नाही.

मे महिन्यात मंजिरी आली. मुलाला घेऊन, एका दिवसासाठी. सरांनी सकाळपासून घर दोनदा झाडलं होतं. पण माणूस बदलतो तो किती? नातवाने नळ जरा चालू ठेवला तर आजोबांनी चष्मा पुसला. त्याच्या इंग्रजीतलं क्रियापद दुरुस्त केलं, मग दुसरं दुरुस्त केलं. मंजिरी हसली, पण ते हसणं ओठांपर्यंतच होतं. दुपारी मामींच्या तांदळाचा भात झाला. तेवढा वेळ बरा गेला.

संध्याकाळी ती निघताना सरांनी मला वर बोलावलं. घरात बाईमाणूस नाही, हळदीकुंकू लावायला कोणीतरी हवं. त्यांनी स्वतः ताट मांडलं होतं. नारळ, सुपारी, पानं, आणि पिवळी साडी. ताट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

मंजिरीने साडीकडे पाहिलं. "मामाची?"

"नाही. ती शेवंताकडे गेली. ही मी आणली. ती मागितली होती मात्र."

"ठाऊक आहे. मामाने फोन केला होता. 'बाप तुजा आला व्हता, हात पुढं केलान,' म्हणाला. म्हणून तर आले." मग ताटाला हात न लावता ती शांतपणे म्हणाली, "पण ही नको, बाबा. या घरात आहेर घेत नाहीत ना?"

"बरोबर आहे," सर म्हणाले.

ती पाया पडली. मुलाला पडायला लावलं. रिक्षा वळेपर्यंत सर गॅलरीत उभे होते, ताट तसंच हातात घेऊन. मी ते काढून घेतलं तेव्हा त्यांची बोटं सुटायला वेळ लागला. "तिने नियम पाळला," ते म्हणाले. "मीच शिकवलेला." त्या बोलण्यात राग नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

भाद्रपदात सर गेले. झोपेतच गेले, सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही. मंजिरी दुपारपर्यंत पोचली. अग्नी तिनेच दिला. कोणी काही बोलण्याआधीच तिने मडकं उचललं होतं. त्या दिवशी घरात चूल पेटायची नव्हती. साईं कॅम्प दोनहून सगळ्यांपुरतं वरणभात घेऊन आले, डबे ओट्यावर ठेवले, आणि कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "दोरी सोडून गेला मास्तर. दुसरं टोक माझ्याच हातात राहिलं."

तेराव्याला दत्तूमामा आणि मामी एसटीने आले. जेवणाआधी दुखवटा देतात. सुतक संपलं, आता नवं वस्त्र नेसा आणि रोजच्या जगण्याला लागा, असं त्या वस्त्राने सांगायचं असतं. बाप गेलेल्या मुलीला ते मामाकडून येतं. मामांनी पिशवीतून पांढऱ्या रंगाची, हिरव्या काठाची सुती साडी काढली. ताट नव्हतं, रुमाल नव्हता. मंजिरीच्या पुढे धरली.

"मंजे, घे. आता परत करनारा गेला," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचाच आवाज फुटला.

मंजिरीने दोन्ही हातांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि आत गेली. नेसून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सरांचं ताट होतं. त्यात ती पिवळी साडी. नारळ वाळून गेला होता, म्हणून तिने तो काढून तिथे मूठभर तांदूळ ठेवले होते.

"मामी," ती म्हणाली, "ही बाबांनी आणलेली आहे. मी घेतली नाही. तुम्ही घ्याल?"

 मामी मामांकडे बघू लागल्या. मामा साडीकडे बघत होते. त्या साडीला नको म्हणण्याचा या जगात कोणाला हक्क असेल तर तो या एका माणसाला होता, आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मंजिरीने ताट दोन्ही हातांनी धरलं होतं, अगदी तिच्या बापाने धरलं होतं तसंच.

"घे गं," मामा मामींना म्हणाले. मग भाचीकडे वळून, जरा दरडावल्यासारखे, "आमच्यात परत करीत नाय."

आत पानं वाढली होती. मामांनी पाय धुतले, पंच्याने पुसले, आणि भिंतीकडेच्या पहिल्या पानावर जाऊन बसले. मंजिरीने स्वतः त्यांना भात वाढला. त्यांनी हात आडवा केला नाही. लग्नातलं जेवण त्यांचं राहिलंच होतं.